चौथा चिमटा

परवा आमच्या जुन्या वॉर्डात गेले होते. काम काही नव्हतं. पेन्शनरांना काम नसतं, म्हणून तर ते सगळीकडे जातात. परळचं हे रुग्णालय कोणतं ते सांगत नाही. सांगितलं तर माझ्या पहिल्या मेट्रनबाई, वय वर्षं ब्याऐंशी, आजही फोन करून माझी हजेरी घेतील. पुरुषांचा मानसोपचार वॉर्ड, बावीस खाटा, दुसरा मजला. तिथे मी सिस्टर म्हणून सव्वीस वर्षं काढली.

आता सगळं छान झालंय. भिंतींना नवा रंग लागलाय. सिस्टरांच्या टेबलावर मोठी स्क्रीन आलीय, तिच्यावर प्रत्येक पेशंटचं नाव आणि पुढे हिरवे-तांबडे ठिपके. कोण कधी घरी जाणार, कोणाचे कागद अडकलेत, सगळं ठिपक्यांवरून कळतं. श्रेया नावाची नवी सिस्टर मला हे कौतुकाने दाखवत होती. मीही मान डोलावली, पण माझं लक्ष टेबलामागच्या भिंतीकडे होतं. तिथे एक लाकडी खुंटी असायची. ती काढून भोक बुजवलंय आणि वरून रंग मारलाय. तरी जागा ओळखू येते, निदान मला येते.

"इथे काय होतं, सिस्टर?" श्रेयाने विचारलं.

"गुणाजीमामांचा कॉम्प्युटर," मी म्हटलं. तिला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय.

गुणाजीमामा आमच्या वॉर्डाचे अटेंडंट. खाटा सरकवणं, पेशंटना अंघोळीला नेणं, कोणी बिथरला तर त्याच्याशेजारी शांतपणे बसून राहणं, ही त्यांची कामं. उंचीने बेताचे, रंगाने काळेसावळे, तोंडात कायम सुपारीचं खांड. राहायला लालबागला. वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर होते आणि मामांनीही तिथेच लागायचं असं घरात ठरलेलं होतं. पण त्यांची मिसरूड फुटेपर्यंत संप झाला, गिरणी गेली, आणि मामा आले आमच्याकडे. हातातलं कसब वाया गेलं याची खंत त्यांना जन्मभर होती. भेटायला आलेल्या नातेवाइकाची बाही चिमटीत धरून ते कापड कुठलं ते सांगायचे. नव्या डॉक्टरच्या कोटाला हात लावून डॉक्टर किती दिवस टिकेल तेही सांगायचे, आणि त्यात सहसा चुकायचे नाहीत.

आमच्याकडून पेशंट घरी जाणं म्हणजे पूर्वी बारभाईचा कारभार होता. डॉक्टर शनिवारी दुपारी लिहायचे, 'उद्या सोडा'. रविवारी औषधांची खिडकी बंद. घरच्यांना कळवलं असेल असं मला वाटायचं, कारण ते सोशल वर्करचं काम. तिला वाटायचं मी कळवलंय. बरा झालेला माणूस सकाळी दहाला तयार होऊन दारातल्या बाकावर बसायचा आणि संध्याकाळी सहाला परत निळे कपडे घालून खाटेवर जायचा. हे एकदा झालं तर माणूस सोसतो. तीनदा झालं की त्याला घरी जायचीच भीती वाटायला लागते. आम्ही सगळे आपापलं काम चोख करत होतो, आणि काम काही होत नव्हतं.

त्यात कपड्यांचा घोळ. पेशंट आला की त्याचे कपडे गाठोडं बांधून, नाव लिहून मागच्या खोलीत ठेवायचे, आणि जाताना तेच गाठोडं हातात द्यायचं. फार वर्षांपूर्वी भायखळ्याचा एक माणूस दोन महिन्यांनी घरी गेला आणि आठवड्याने मामांना भाजी बाजारात भेटला. म्हणाला, "मामा, जिन्यातच शेजारीण नाकाला पदर लावून बाजूला झाली." गाठोड्यात कपड्यांना बुरशीचा वास लागला होता. मामांना ते फार लागलं. माझ्याकडे येऊन म्हणाले, "सिस्टर, माणूस बरा होऊन गेला आणि वास आजाऱ्याचा घेऊन गेला. ही आपली चूक."

त्या दिवसापासून मामांनी एक पद्धत पाडली. डॉक्टरांच्या तोंडून 'आता पाठवायला हरकत नाही' असं निघालं की ते त्या पेशंटचा शर्ट गाठोड्यातून काढायचे, नळावर धुवायचे, गेटसमोरच्या इस्त्रीवाल्याकडून कडक करून आणायचे आणि माझ्या टेबलामागच्या खुंटीला हँगरवर टांगायचे. चार दिवस शर्ट तिथे लटकायचा. राउंडला आलेला प्रत्येक डॉक्टर विचारायचा, "कोणाचा हा? कोण चाललंय?" झालं, सगळ्यांना कळलं. पुढे मामांनी हँगरला कपडे वाळत घालायचे चिमटेही लावायला घेतले. डॉक्टरांचे कागद झाले की निळा, औषधं बांधून झाली की पिवळा, घरच्यांशी बोलणं झालं की हिरवा. तीन चिमटे लागले की शर्ट खाली उतरायचा. कोणाचा चिमटा राहिलाय ते लांबूनच दिसायचं, आणि ज्याचा राहिला त्याला टेबलापाशी यायची लाज वाटायची. एका सुपारी चघळणाऱ्या माणसाने पाच-पाच शिकलेल्यांना वळण लावलं होतं.

आता हितेंद्रची गोष्ट सांगते. मामांची आठवण काढली की मला तोच आठवतो.

हितेंद्र गिरगावचा, वय अडतीस, एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. लग्न झालेलं नव्हतं. आई, थोरला भाऊ अमित, वहिनी कालिंदी आणि पुतणी स्पृहा असं घर. आई गेली आणि वर्षभरात हा हळूहळू आत मिटत गेला. कानात आवाज यायचे, जेवणात कोणीतरी काही कालवतंय असं वाटायचं. जानेवारीत भावाने आणून दाखल केला तेव्हा त्याच्या अंगावर मांस नव्हतं. अठ्ठावन्न किलो, माझ्याच हाताने लिहिलंय. औषधं लागू पडायला वेळ गेला, पण एप्रिल संपता संपता आवाज थांबले. दुसऱ्या पेशंटची पत्रं लिहून द्यायला लागला आणि आमच्या नोटीस बोर्डावरच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायला लागला. हे बरं झाल्याचं लक्षण.

डॉक्टर वरद म्हणजे आमचे तरुण निवासी डॉक्टर. त्यांनी मेच्या पहिल्या आठवड्यातला गुरुवार ठरवला. मामांनी शर्ट काढला. मोतिया रंगावर बारीक हिरव्या रेघा, शिवून घेतलेला. "आईने शिवून दिलेला," हितेंद्र म्हणाला, "शेवटच्या गणपतीत." रोज सकाळी तो खुंटीखाली येऊन शर्ट बघून जायचा. निळा चिमटा लागला, पिवळा लागला. आमची सोशल वर्कर आकांक्षा अमितशी फोनवर बोलली आणि तिने हिरवा लावला. सगळं अगदी वेळेत झालं होतं. मामांची नोकरी तेव्हा शेवटच्या महिन्यात होती, एकतीस मेला निवृत्त. मला म्हणाले, "हितेंद्राला घरी गेलेला बघितला की मी जायला मोकळा."

गुरुवारी अमित अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला आणि बाकावर बसला. हितेंद्रने शर्ट घातला, खालून बटणं लावायला घेतली. पहिलं लागलं, दुसरं ओढूनताणून लागलं, तिसरं लागेना. त्याने श्वास आत घेतला, पुन्हा ओढलं. चार बोटांचं अंतर राहत होतं. मग त्याने शर्ट काढला, व्यवस्थित घडी घातली, पायथ्याशी ठेवला, निळे कपडे चढवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"अरे, शर्टाचं काय एवढं," अमित म्हणाला. "घरी गेल्यावर दुसरा घेऊ."

"हा दुसऱ्या कोणाचातरी आहे," हितेंद्र भिंतीला म्हणाला. "ज्याचा आहे त्याला न्या."

आकांक्षा दादरला जाऊन तयार शर्ट आणते म्हणाली, ऐसपैस मापाचा. तो हलला नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, थोडं रागावलेही. तासाभराने अमित उठला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर वाईट वाटल्याचं होतं आणि सुटल्याचंही होतं. मी त्याला दोष देत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मग आमच्यात जुंपली. वरद म्हणाले, सिस्टरांनी वजन वाढल्याचं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, दर सोमवारी तक्त्यावर लिहितेय, वाचायला डोळे आहेत की. एकाहत्तर किलो. या औषधांनी वजन वाढतं हे त्यांना ठाऊक, वाढल्याचं मी लिहिलेलं, शर्ट मामांनी स्वतः टांगलेला. तिघांच्या तीन गोष्टी तीन ठिकाणी होत्या आणि त्या शेजारी शेजारी ठेवून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. आकांक्षा रडवेली झाली. मामा तो शर्ट उलगडून बघत होते. शेवटी म्हणाले, "चूक माझी. कापड अंगाला लावून बघायचं असतं. माझा बाप असता तर कानाखाली दिली असती."

विभागाच्या मोठ्या सरांना हे कळलं. त्यांचंही बरोबर होतं. आमचा वॉर्ड थोड्या मुदतीचा, चार महिने उलटून गेले होते आणि बाहेर खाटेसाठी रांग होती. म्हणाले, एकोणीस तारखेपर्यंत घरी गेला तर ठीक, नाहीतर खाडीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात बदली. त्या इस्पितळात वाईट काही नाही. पण ते लांब आहे, आणि लांब गेलेल्या माणसाला भेटायला येणारे आधी महिन्याने येतात, मग सणाला येतात, मग येत नाहीत. मामांनी अशी माणसं पोचवायला जाऊन आपल्या डोळ्यांनी बघितली होती. एकोणीस तारीख ऐकली आणि त्यांनी तोंडातली सुपारी थुंकून टाकली.

शनिवारी ड्यूटी संपताना मामा माझ्यापाशी आले. तो शर्ट त्यांच्या हातात उलटा केलेला होता आणि ते आतली शिवण बघत होते.

"सिस्टर, उद्या गिरगावात जाऊ या का? मी एकटा बाईमाणसाच्या घरात कसा जाऊ."

"जाऊन काय करणार, मामा? आकांक्षाने फोन केलाय की भावाला."

"भावाकडे काय काम नाय माझं." मामा शर्ट चाचपत होते, आणि विचारात पडले की ते आपोआप मालवणीवर यायचे. "शर्ट शिवलेलो आसा. म्हणजे कापड विकत घेतल्यानी. म्हणजे तुकडो उरलो. आणि आवशीन तो टाकल्यान नसतलो. तुकडो घरात असतलोच."

मला आधी हसू आलं. चौदा वर्षं शिकलेल्या डॉक्टरांनी औषधाचा डोस बदलायचं सुचवलं होतं, आणि हा माणूस चिंधी शोधायला निघाला होता. पण माझ्या आईच्या ट्रंकेत अशी दोन गाठोडी होती. माझ्या शाळेच्या फ्रॉकचे तुकडे माझ्या लग्नानंतर सापडले. त्या पिढीच्या बायका कापडाचा कपटाही टाकायच्या नाहीत.

रविवारी आम्ही गेलो. तिसरा मजला, दीड खोली, आरशासारखी लख्ख. अमित स्पृहाला क्लासला सोडायला गेला होता. दार कालिंदीताईंनी उघडलं. चाळिशीची बाई, चेहरा ओढलेला. आम्ही रुग्णालयातून आलोय म्हटल्यावर त्या दारातच ताठ झाल्या. दिराला घरी न्या म्हणून सांगायला आलेत, आता बोलणी खावी लागणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

मामांनी पिशवीतून शर्ट काढला. "वहिनी, ह्या कापडाचा तुकडा असेल का घरात? सासूबाईंनी ठेवलेला?"

त्या बघतच राहिल्या. हा प्रश्न त्यांच्या हिशोबातच नव्हता. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पलंगाखालची ट्रंक ओढली, आणि खालून एक सुती धोतराचं गाठोडं काढलं. आत तुकड्यांच्या गुंडाळ्या, प्रत्येकीला त्याच कापडाच्या पट्टीची गाठ. स्पृहाच्या बाळपणीच्या झबल्या-टोपड्याचा तुकडा, अमितच्या लग्नातल्या शर्टाचा तुकडा. पाचवी का सहावी गुंडाळी मोतिया होती, बारीक हिरव्या रेघांची. उन्हात न गेल्याने शर्टापेक्षा गडद राहिलेली.

मामांनी तुकडा चिमटीत धरला, दोन वीत मोजला आणि मान हलवली. "पुरेल."

कालिंदीताईंनी तो त्यांच्याकडून परत घेतला आणि मांडीवर ठेवून बसल्या. मग एकदम बोलायला लागल्या.

"आजवर माझ्याशी कोणी बोललंच नाही हो. तुमच्याकडचे सगळे फोन ह्यांना. हे हो म्हणतात, कारण सख्खा भाऊ आहे, नाही कसं म्हणतील. पण हे साडेआठला जातात ते रात्री आठला येतात. मधले अकरा-बारा तास कोणाचे? माझे. भावजींनी तीनदा गॅसची नळी उपसून टाकली होती. वास येतो म्हणायचे. स्पृहा शाळेतून आली की मी आधी तिला बाहेरच उभी करायची आणि हुंगून बघायची. मला ते नकोसे नाहीत. माझं लग्न झालं तेव्हा ते कॉलेजात होते, माझ्या हातचं खाऊन मोठे झालेत. पण पुन्हा तसं व्हायला लागलं तर दुपारी तीन वाजता मी कोणाला हाक मारू? हे एवढं मला कोणी सांगितलेलं नाही."

मी खाली बघत होते. हिरवा चिमटा लागला होता, सगळ्यांनी तो बघितला होता. आम्ही घराशी बोललो होतो, पण घरात असणाऱ्या बाईशी बोललो नव्हतो. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी असे किती हिरवे चिमटे बघून सही केली असेल, ते मोजायची माझी छाती झाली नाही.

मामांनी त्यांना औषध सांगितलं नाही की धीर दिला नाही. म्हणाले, "वहिनी, हे सगळं मंगळवारी येऊन तिथे बोला. असंच बोला. मी खुर्ची ठेवतो."

मंगळवारी अकराला कालिंदीताई आल्या. माझ्या टेबलाभोवती वरद, आकांक्षा, मी आणि मोठे सरसुद्धा. सरांना मामांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. नोकरीचे वीस दिवस उरलेल्या माणसाला कोण काय करणार. मामा सवयीप्रमाणे दाराला टेकून उभे होते. कालिंदीताई म्हणाल्या, "ते बसले तर मी बोलते." आम्हा सगळ्यांना एकदम जाणवलं की या टेबलापाशी मामा कधी बसलेच नव्हते. मी स्टूल ओढलं.

त्यांनी तीन गोष्टी मागितल्या. गोळ्या त्यांच्या हातात पाहिजेत. भावजींना दिवसा काहीतरी काम पाहिजे. आणि एक फोन नंबर पाहिजे, जो उचलला जातो. शेवटच्या मागणीवर सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. वॉर्डाचा फोन टेबलावर आहे, तो वाजतो तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा उचलेल. बराच वेळ खल झाला. शेवटी असं ठरलं की प्रत्येक पाळीत एकाचं नाव फळ्यावर लिहायचं, फोन त्याने उचलायचा. वरदनी आजार परत फिरायला लागला तर आधी काय दिसतं ते तासभर समजावलं. झोप उडते, ताट परत सरकवतात, खिडक्या लावून घेतात. गोळ्यांबरोबर पंधरवड्याने एक इंजेक्शन ठरलं. आकांक्षाने छापखान्यात जाऊन मालकाची गाठ घेतली आणि रोज चार तासांचं प्रुफांचं काम मिळवलं. सर उठताना म्हणाले, "हे आधी का नाही केलं?" उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

लालबागला मामांच्या जिन्याखाली शिवा म्हणून अल्टरेशनवाला बसतो. त्याने शर्टाच्या दोन्ही कुशी उसवल्या आणि काखेपासून खालपर्यंत तीन बोटांची पट्टी घातली. "मामा, दोन रंग दिसणार हां," तो म्हणाला. "जुना उडालाय, पट्टी कोरी आहे."

"दिसू दे," मामा म्हणाले. या वेळी त्यांनी आधी हितेंद्रला उभं करून पाठीमागून मेजरिंग टेप लावली होती, पण कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

शर्ट पुन्हा खुंटीवर आला, निळा, पिवळा आणि हिरवा चिमटा लागला. मग मामांनी खिशातून चौथा काढला, पांढरा. "हा दिवसभर घरात असणाऱ्या माणसाचा. तो आपण लावायचा नाय. त्यानेच येऊन लावायचा."

सतरा तारखेला कालिंदीताईंनी पांढरा चिमटा लावला आणि शर्ट उतरवून हितेंद्रपाशी नेला. तो खाटेच्या कडेला बसला होता. त्याने शर्ट घेतला नाही, नुसतं पट्टीवरून वरखाली बोट फिरवलं. प्रुफं तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून रंगातला फरक सुटणार थोडाच.

"हा नवीन आहे," तो म्हणाला.

"नवीन नाही, भावजी. तुमच्याच शर्टाचा उरलेला तुकडा. आईंनी ठेवला होता."

"माझ्यासाठी?"

"मग कोणासाठी? आपला मुलगा जाड होईल हे त्यांना माहीतच असणार."

त्याने शर्ट अंगात घातला. खालून पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं. तिसऱ्यापाशी त्याचा हात थांबला, आणि त्याच्याबरोबर वरद, आकांक्षा, मी, शेजारच्या खाटांवरचे पेशंट, सगळे थांबलो. बटण लागलं. मी रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मामा त्याच्या पाठीवरची चुणी सरळ करत उभे होते.

मग एकतीस मे. मामांचा शेवटचा दिवस. सकाळी आम्ही शाल-नारळ दिला, पेढे वाटले, वरद दोन शब्द बोलले. त्यानंतर मामांना फक्त गणवेश, ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली जमा करून एका कागदावर तीन सह्या घ्यायच्या होत्या. स्टोअर म्हणालं आधी ऑफिसची सही आणा, ऑफिस म्हणालं मेट्रनची, मेट्रनच्या खोलीत कळलं की कागद स्टोअरलाच राहिलाय. मामा पिशवी मांडीवर घेऊन दारातल्या बाकावर बसले. आम्ही येता-जाता विचारत होतो, "झालं का मामा?" आणि ते मान हलवत होते. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा कोणीतरी बघतोय.

तीनच्या सुमारास हितेंद्र इंजेक्शनसाठी आला, वहिनींबरोबर, तोच शर्ट घालून. इंजेक्शन घेऊन निघताना बाकापाशी थांबला.

"मामा, तुम्ही इथे?"

"सह्या यायच्यात."

"कधीपासून?"

"धा वाजल्यापासून."

हितेंद्र शेजारी बसला. "वहिनी, तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो. या बाकावर एकट्याचा वेळ जात नाही."

कालिंदीताईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सातच्या आत या," आणि एकट्या जिना उतरून गेल्या. हितेंद्रला एकट्याला मागे सोडून जायची त्यांची ही पहिली वेळ होती.

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी मेट्रनकडे धावले, वरद ऑफिसात गेले, आकांक्षा स्टोअरमध्ये जाऊन बसली. पाच तास अडलेला कागद पंचवीस मिनिटांत पुरा झाला. मी तो घेऊन आले तेव्हा बाकावर त्या दोघांचं बोलणं चाललं होतं.

"मामा, तुमच्या घरी दिवसा कोण असतं?" हितेंद्र विचारत होता.

"मालन असते. आमची मंडळी."

"उद्यापासून तुम्ही दिवसभर घरात असणार, हे त्यांना कोणी सांगितलंय का?"

मामांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. छत्तीस वर्षं ते सकाळी सहाला घराबाहेर पडले होते. मालनवहिनींची घडी त्यांच्यावाचून बसलेली होती. दुपारच्या शेजारणी, दुपारची झोप, सगळं. मामांनी निवृत्तीची तारीख सांगितली होती. पण उद्या सकाळपासून काय, यावर नवराबायकोचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

"ता सांगूचा रवला," मामा हळूच म्हणाले.

हितेंद्र हसला नाही. त्याने पिशवी उचलून आपल्या खांद्याला लावली. "मग मी येतो सोबत. आपण दोघं मिळून सांगू."

मी खुंटीवरचा पांढरा चिमटा काढला आणि मामांच्या पिशवीच्या बंदाला लावला. ते दोघं चालत लालबागला गेले. तो चिमटा मामांनी परत केला नाही, आणि स्टोअरनेही कधी मागितला नाही.